पाडा किंवा वाचवा... पण आधी मोजा!

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला बिल्डिंगबद्दल मतं नसतात, तक्रारी असतात. पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल, कपाटामागचे पोपडे, बाथरूमच्या स्लॅबमधून टपकणारं पाणी आणि "वर कळवलंय, बघू" हे दरवर्षीचं उत्तर. त्यामुळे "जुनं हॉस्टेल पाडून नवीन बांधतायत" असं कुणी म्हटलं, की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो म्हणजे "सुटलो!" पण समजा तेच हॉस्टेल जगभरच्या आर्किटेक्चरच्या पुस्तकांत छापून आलेलं असेल, ते बघायला परदेशातून माणसं येत असतील, तर? तरीही "सुटलो"च म्हणायचं?

मित्रांनो, हा प्रश्न मी कल्पनेतून काढलेला नाही. आपल्या शेजारच्या राज्यात, अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये (म्हणजे आपल्या सगळ्या कॅटवाल्यांच्या स्वप्नातल्या आयआयएममध्ये) तो २०२० साली अक्षरशः असाच उभा राहिला. मी सिव्हिलचा विद्यार्थी, त्यामुळे बातमी वाचून नुसतं हळहळणं किंवा नुसतं "पाडा एकदाचं" म्हणणं जमेना. या वादात वीट आहे, स्टील आहे, भूकंप आहे, कायदा आहे, पैसा आहे आणि रोज रात्री त्या खोल्यांत झोपणारी आपल्याच वयाची मुलंमुली आहेत. म्हणून हा लेख.

बिल्डिंग कुणाची, कशी?

आयआयएम अहमदाबादची स्थापना १९६१ ची. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई ही त्यामागची मोठी नावं. कॅम्पसचं काम बाळकृष्ण दोशी यांच्याकडे येऊ शकत होतं. हे दोशी म्हणजे पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम केलेले आणि २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय आर्किटेक्ट. पण त्यांनी स्वतः बाजूला होऊन लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टचं नाव सुचवलं आणि १९६२ पासून कान यांचं काम सुरू झालं. कान यांचं दुसरं मोठं काम आपल्या उपखंडातच आहे: ढाक्याचं संसद भवन.

कान यांनी अहमदाबादेत स्थानिक विटा घेतल्या आणि त्या उघड्याच ठेवल्या. प्लॅस्टर नाही, रंग नाही. जाड भिंती, भिंतींत प्रचंड गोल भोकं, त्यामागे खोल सावली. ही भोकं शोभेची नाहीत. तिथल्या उन्हाळ्यात ऊन बाहेरच्या भिंतीवर अडतं, वारा मात्र आत येतो. एसी परवडत नसण्याच्या काळातलं हे थर्मल डिझाइन म्हणा ना!

हॉस्टेलची, तिथल्या भाषेत 'डॉर्म'ची, रचना तर आपण नीट बघण्यासारखी आहे. लांबच लांब कॉरिडॉर आणि दोन्ही बाजूंना खोल्या, हा आपला नेहमीचा प्रकार कान यांनी टाळला. एका मजल्यावर दहा खोल्या, मध्ये जिना आणि चहासाठी बसायची जागा. म्हणजे खोलीतून बाहेर पडलात की माणसं भेटलीच पाहिजेत. शिक्षण वर्गात जितकं होतं तितकंच ते जिन्यात आणि चहाच्या टेबलावर होतं, हे त्यांनी चक्क प्लॅनमध्ये काढून ठेवलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जिन्यात बसून कुणाच्या तरी नोट्सवर अख्खं सेमिस्टर उरकणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

असे १८ डॉर्म १९६८ ते १९७८ च्या दरम्यान बांधले गेले. कान यांना ते सगळे पाहता आले नाहीत. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्टेशनवर हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पुढचं काम अनंत राजे यांनी पाहिलं. तेही मूळचे मुंबईचे, जे. जे. चेच. तेव्हा 'अमेरिकन आर्किटेक्टची बिल्डिंग' म्हणताना आपल्या दोन माणसांनीही त्यात आयुष्याची कित्येक वर्षं घातली आहेत, हे विसरायचं कारण नाही.

मग झालं काय?

२००० नंतर कॅम्पसची अवस्था बिघडत गेली. संस्थेने आधी दुरुस्तीचाच रस्ता धरला. मुंबईच्या सोमाया अँड कलप्पा कन्सल्टंट्स या फर्मकडे काम दिलं गेलं. त्यांनी विक्रम साराभाई लायब्ररीचं जतन केलं आणि त्या कामाला २०१९ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. नमुना म्हणून १५ नंबरचा डॉर्मही दुरुस्त झाला.

आणि मग डिसेंबर २०२० मध्ये बातमी आली की १८ पैकी १४ डॉर्म पाडून त्या जागी नवे बांधायचे, त्यासाठी आर्किटेक्टकडून प्रस्ताव मागवले आहेत. संचालकांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहून कारणं दिली. विटा निखळतायत, स्लॅबला तडे आहेत, गळती आहे, २००१ च्या भूकंपाने नुकसान झालं आहे, आणि मुलांना अशा ठिकाणी ठेवणं सुरक्षित नाही.

जगभर गदारोळ झाला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने पत्र लिहिलं, कान यांच्या तिन्ही मुलांनी लिहिलं, हजारो आर्किटेक्ट, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांनी निषेधाच्या पत्रकांवर सह्या केल्या. आठवड्याभरात, १ जानेवारी २०२१ ला, संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. गोष्ट इथे संपली असं सगळ्यांना वाटलं. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या अहवालांचा हवाला देत संस्थेने पुन्हा जाहीर केलं की बऱ्याच इमारतींच्या बाबतीत दुरुस्ती पुरणार नाही, पुनर्बांधणी करावी लागेल. वाद परत पेटला.

बरं, पण बिल्डिंगला आजार कोणता?

आता आपल्या घरच्या मैदानावर येऊ. "जुनी झाली म्हणून पडायला आली" हे वाक्य व्हायवाला दिलंत तर एक्स्टर्नल तुम्हाला उभं करतील. वयाने बिल्डिंग मरत नाही. नाहीतर अजिंठ्याच्या डोंगराचं आणि वेरूळच्या कैलासाचं काय? ते जाऊ द्या, ते कोरलेले आहेत. विटांच्याच म्हणाल तर देशात कित्येक शतकांच्या इमारती उभ्या आहेत. आजाराला नाव पाहिजे. इथे तीन नावं आहेत.

पहिला आजार: वीट आणि मीठ. वीट पाणी पिते. आपण लॅबमध्ये वीट २४ तास बुडवून वजन करतो, ते याचसाठी. आयएस १०७७ प्रमाणे साध्या वर्गांच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये, आणि १२.५ च्या वरच्या वर्गांसाठी ही मर्यादा १५ टक्के. विटेत किंवा जमिनीतून आलेल्या पाण्यात क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. ते पृष्ठभागावर राहिले तर नुसती पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ती पुसता येते. पण क्षारांचे स्फटिक विटेच्या कातडीच्या आतच तयार झाले, तर ते वाढताना विटेचा पुढचा पापुद्रा ढकलून पाडतात. संस्थेचं म्हणणं असं होतं की वापरलेल्या विटा दुय्यम दर्जाच्या होत्या. ते खरं धरलं तर प्लॅस्टरशिवाय उघड्या ठेवलेल्या अशा विटेला पावसाचा आणि क्षारांचा मार थेट बसणार, हे उघड आहे.

यात एक गंमत बघा. सांधे भरताना कडक सिमेंट वापरलं तर आजार वाढतो! कारण सिमेंटच्या सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, ती विटेतून पडते आणि क्षारही विटेतच साठतात. चुन्याचा मऊ सांधा स्वतः झिजतो पण वीट वाचवतो. म्हणजे चुकीची दुरुस्ती हेही नुकसानीचं कारण असू शकतं, आणि त्याचं खापर मूळ डिझाइनवर फुटतं.

दुसरा आजार: स्टील आणि गंज. कान यांच्या कमानी पसरट आहेत. पसरट कमान भिंतींना बाहेर ढकलते. किती? कमानीवर दर मीटरला भार गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले आठ पट उंची. आपलं एक हिशेबापुरतं उदाहरण घेऊ. गाळा ४ मीटर, भार दर मीटरला २० किलोन्यूटन. कमानीची उंची १ मीटर असेल तर ढकल येते ४० किलोन्यूटन. उंची अर्धा मीटर केली की ती होते ८० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ आठ टन. ही ढकल अडवायला कान यांनी कमानीच्या पायथ्याशी काँक्रीटचा ताण-तुळई घातली. धनुष्याच्या दोरीसारखी. वीट दाब घेते, काँक्रीटमधलं स्टील ताण घेतं आणि दोघं मिळून गाळा पेलतात. सुंदर कल्पना! पण सगळा भरवसा आतल्या स्टीलवर.

काँक्रीट मुळात अल्कलाइन असतं, त्यामुळे आतलं स्टील गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कली मारत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात, आणि त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. परत उदाहरण: २५ वर्षांत २० मिलिमीटर आत गेलं असेल, तर २५ मिमी कव्हर पार करायला लागतात साधारण ३९ वर्षं. तेवढ्यात स्टील उघडं पडलं! मग गंज धरतो, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं, आणि तो आतून काँक्रीट फोडतो. आता हेच कव्हर ४० मिमी असतं तर? १०० वर्षं. फक्त १५ मिलिमीटरचा फरक आणि साठ वर्षांचं आयुष्य! साइटवर कव्हर ब्लॉक न ठेवता बार शटरिंगवर टेकवणाऱ्या मुकादमाला हे गणित कुणीतरी सांगायला हवं. आणि लक्षात घ्या, आज बांधलेल्या नव्या कोऱ्या हॉस्टेलमध्ये कव्हर कमी पडलं तर तेही चाळिशीत असंच रडणार आहे.

तिसरा आजार: भूकंप. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. कच्छचा भूकंप, तीव्रता ७.७. अहमदाबाद केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर. तरीही शहरात बिल्डिंगा कोसळून शेकडो माणसं गेली. कोसळलेल्यांत मोठी संख्या होती ती आरसीसी अपार्टमेंट्सची, ज्यांच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी नुसते खांब ठेवले होते आणि ज्यांचं डिटेलिंग कच्चं होतं. तेव्हा 'नवीन म्हणजे सुरक्षित' हे समीकरण त्याच शहराने त्याच दिवशी खोटं ठरवलं आहे.

पण म्हणून जुन्याला क्लीन चिट मिळत नाही हां! पट्टे न घातलेली विटांची भिंत भूकंपात ठिसूळ वागते, वाकत नाही, फुटते. १९६०-७० च्या दशकात आजच्यासारखे भूकंपाचे नियम रुळलेले नव्हते. आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत अहमदाबाद झोन ३ मध्ये टाकलेलं आहे, म्हणजे मध्यम धोका. शिवाय गंजलेली ताण-तुळई आणि पापुद्रे सुटलेली वीट यांवर हा हादरा आला, तर धोका खराच आहे.

दोन टेबलं

आमच्या मेसमध्ये मी हा विषय काढला तेव्हा टेबलाचे सरळ दोन गट पडले. दोघांचंही म्हणणं प्रामाणिकपणे मांडतो.

'पाडा' गट म्हणाला: ज्याचं जळतं त्याला कळतं. सह्या करणाऱ्यांपैकी कितीजण त्या खोलीत राहतात? अमेरिकेत बसून फोटो बघणाऱ्याला भिंत सुंदर दिसते, पण वीट पडली तर ती मुलाच्या डोक्यावर पडणार. दुरून डोंगर साजरे! संस्था म्युझियम चालवायला काढलेली नाही. मुलांची संख्या वाढली, गरजा बदलल्या, अटॅच्ड बाथरूम हवं, नीट वायरिंग हवं, लिफ्ट हवी, अपंग विद्यार्थ्यांना जाता येईल अशी वाट हवी. दरवर्षी दुरुस्तीवर पैसे ओतायचे आणि तरी पुढच्या पावसात गळायचंच, यापेक्षा एकदाच काय तो खर्च करा. आणि कान स्वतः असते तर त्यांनीही मुलांचा जीव विटेपेक्षा मोठाच मानला असता.

'सांभाळा' गट म्हणाला: दुरुस्ती अशक्य आहे हे कुणी सिद्ध केलं? त्याच संस्थेने लायब्ररी करून दाखवली, एक डॉर्म करून दाखवला. बाथरूम, वायरिंग, नेट हे सगळं बाहेरच्या भिंतीला धक्का न लावता आत बदलता येतं. जतन म्हणजे बिल्डिंगला काचेच्या पेटीत ठेवणं थोडंच आहे? आणि १८ मधले १४ गेले तर उरतं काय? कान यांची रचना एकेका बिल्डिंगची नाही, त्यांच्यामधल्या अंगणांची आहे. ओळीतले दात काढून दोन ठेवले तर त्याला हसू म्हणत नाहीत. शिवाय भाजलेल्या लाखो विटांची ऊर्जा आधीच खर्च झालेली आहे. पाडलं की ती राडारोड्यात जाते आणि नवं सिमेंट, नवं स्टील परत भट्टीतून काढावं लागतं.

एक जण (मेकॅनिकलचा, अर्थातच) शांतपणे म्हणाला, "मशीन रिपेअर करायचं की स्क्रॅप करायचं हे आम्ही भांडून नाही ठरवत. उघडून बघतो." सगळ्या चर्चेतलं मला पटलेलं वाक्य हे.

कायदा काय म्हणतो?

तुम्हाला वाटेल, एवढी प्रसिद्ध बिल्डिंग, सरकारी संरक्षण असेलच. नाही! १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात स्मारक किमान १०० वर्षं जुनं असावं लागतं. पन्नाशीतल्या बिल्डिंगची अवस्था विचित्र असते. गंज धरण्याइतकी जुनी, पण कायद्याने वाचवण्याइतकी जुनी नाही. ज्या वयात दुरुस्ती सगळ्यात गरजेची, त्याच वयात ती सगळ्यात निराधार.

याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२ चं. आर्किटेक्ट राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनियर महेंद्र राज. एवढ्या मोठ्या गाळ्याची स्पेस फ्रेम जगात स्टीलमध्ये करतात. आपल्याकडे तेव्हा ते परवडणारं नव्हतं, म्हणून ती काँक्रीटमध्ये, जागेवर ओतून केली. स्ट्रक्चरच्या पुस्तकात धडा व्हावा असं काम. नव्या प्रदर्शन संकुलासाठी ते पाडायचं ठरलं. वारसा समितीने ६० वर्षांखालच्या बिल्डिंगचा विचारच करायचा नाही असं ठरवलं होतं आणि हॉल ४५ वर्षांचा होता. कोर्टात प्रकरण असतानाच एप्रिल २०१७ मध्ये, रात्रीतून, ते जमीनदोस्त झालं.

याउलट मुंबई बघा. १९९५ साली मुंबईने वारसा इमारतींची नियमावली लागू केली, देशात पहिल्यांदा. त्यात इमारतींना श्रेणी दिल्या: पहिली, दुसरी, तिसरी. पहिल्या श्रेणीत हात लावायचा तर फार विचार करून. तिसऱ्या श्रेणीत बराच बदल चालतो. म्हणजे 'सगळं वाचवा' आणि 'सगळं पाडा' यांच्यामध्ये पायऱ्या आहेत, ही समज कायद्यातच घातली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झालेला, पहिल्या श्रेणीतला. विद्यापीठाला वाढायला जागा हवी होती तेव्हा फोर्टमधला टॉवर आणि लायब्ररी तशीच ठेवून नवे विभाग कलिन्याच्या संकुलात गेले. २०१३ ते २०१५ मध्ये टॉवरची आणि लायब्ररीची नीट दुरुस्तीही झाली. आयआयएमनेही हे आधी केलेलंच आहे. २००० च्या दशकात रस्त्यापलीकडे नवीन कॅम्पस बांधला आणि जुन्याला तो भुयारी मार्गाने जोडला. तेव्हा 'विकास हवा तर जुनं पाडावंच लागेल' हे काही निसर्गनियमासारखं नाही. जागा नसेल तर गोष्ट वेगळी; जागा असेल तर आधी तिकडे बघावं.

'धोकादायक' या शब्दाची किंमत

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्या वादात सगळ्यात जास्त वापरला गेलेला शब्द म्हणजे 'धोकादायक'. हा शब्द फार ताकदवान आहे. तो उच्चारला की समोरचा गप्प होतो, कारण मुलांच्या जिवापुढे कोण बोलणार? म्हणूनच आपल्यासारख्यांनी तो आकड्याशिवाय वापरू नये आणि आकड्याशिवाय कुणाला वापरू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजता येतं का? येतं की! स्टील गंजतंय का हे काँक्रीट न फोडता हाफ-सेल पोटेन्शियलने कळतं. कॉपर सल्फेटच्या इलेक्ट्रोडने मोजलेलं पोटेन्शियल उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. कार्बोनेशन किती आत गेलंय हे छोटासा कोअर काढून फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं की दिसतं; बारावीतल्या टायट्रेशनचं तेच फिनॉल्फ्थॅलिन! अल्ट्रासॉनिक पल्सने आतल्या पोकळ्या कळतात. विटांच्या भिंतीवर प्रत्यक्ष किती दाब आहे हे सांध्यात फ्लॅट जॅक घालून मोजतात. तडा जिवंत आहे की मेलेला, हे त्यावर काचेची पट्टी चिकटवून वर्षभर बघितलं तरी समजतं. फुटली तर जिवंत.

हे सगळं प्रत्येक डॉर्मचं वेगवेगळं केलं की चित्र एकदम स्वच्छ होतं. चौदाच्या चौदा डॉर्म सारखेच आजारी असतील, ही शक्यता मला तरी कमी वाटते. दक्षिणेची भिंत वेगळी, उत्तरेची वेगळी. पाण्याची टाकी वर असलेला भाग वेगळा. मग चार प्रश्न विचारायचे. आजार नेमका कुठे आणि किती? तो बरा करायला काय करावं लागेल? त्याला किती पैसे आणि किती वर्षं? आणि त्यानंतर पुढची पन्नास वर्षं देखभाल कोण, कशाच्या जोरावर करणार?

उपायही पुस्तकातले आहेत. आयएस १३९३५ हे विटांच्या बिल्डिंगची दुरुस्ती आणि भूकंपासाठी बळकटी याच विषयावर आहे. तडे ग्राउटने भरणं, भिंती स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी 'शिवणं', गंजलेलं स्टील काढून नवं घालणं, स्लॅबच्या पातळीला पट्टे देणं, मेलेल्या विटा एकेक काढून बदलणं आणि सगळ्यात आधी छतावरच्या पाण्याला नीट वाट करून देणं. यातलं काहीही चंद्रावरचं नाही. मात्र हे काम वेळखाऊ आहे, कुशल गवंडी लागतात, आणि उघडून बघितल्यावर अंदाजपत्रक वाढतं. हेही लपवायला नको.

आणि चारही उत्तरं मिळाल्यावर एखाद्या डॉर्मबद्दल "हा नाही वाचत" असंच निघालं तर? तर तो पाडावा. मला त्यात काही पाप वाटत नाही. मुलांना मृत्यूच्या छायेत झोपवून विटेची पूजा करणं हा वारशाचा अपमानच आहे. पण तो निर्णय त्या डॉर्मच्या अहवालावर उभा असला पाहिजे, आणि अहवाल सगळ्यांना वाचायला मिळाला पाहिजे. त्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही.

माझा कल विचाराल, तर तो दुरुस्तीकडे आहे आणि त्याचं कारण भावनिक कमी, हिशेबी जास्त आहे. दुरुस्तीचा निर्णय चुकला तर पाच वर्षांनी पाडता येतं. पाडण्याचा निर्णय चुकला तर काहीच करता येत नाही. तशीच दिसणारी बिल्डिंग बांधली तरी ती नक्कल. जो निर्णय मागे घेता येत नाही, त्याच्या बाजूने बोलणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी जास्त. आणि पुरावे गोळा होईपर्यंत मुलांना दुसरीकडे हलवावं, वाद त्यांच्या डोक्यावर चालू ठेवू नये. ही अट दोन्ही गटांना सारखीच.

शेवटी आपल्याबद्दल. आपल्यापैकी बरेच जण चार-पाच वर्षांत कुठल्या ना कुठल्या स्ट्रक्चरल ऑडिटवर सही करत असतील. आपल्या राज्यात जुन्या शाळा, वाडे, कॉलेजं, सरकारी कचेऱ्या यांची कमी नाही आणि त्यांच्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्यांचीही नाही. कुणीतरी येऊन म्हणेल, "साहेब, धोकादायक लिहून टाका, बाकीचं आम्ही बघतो." दुसरा म्हणेल, "वारसा आहे हो, तड्यांकडे दुर्लक्ष करा." दोघांनाही एकच सांगायचं: थांबा, आधी हाफ-सेलची मशीन आणि काचेची पट्टी घेऊन येतो.